‘हाताने बनवलेले’ : पण कोणाच्या हाताने?

ज्या देशात हाताने काम करणाराला खालचा आणि हात न मळवता खाणाराला वरचा मानले गेले, त्या देशात ‘हाताने बनवलेले’ हे शब्द आता वस्तूची किंमत वाढविण्यासाठी वापरले जात आहेत. मोबाईलच्या पडद्यावर गोधड्या, चपला, मातीची भांडी, रंगविलेले कागद यांची दुकाने मांडलेली आहेत. दुकानदार म्हणजे एकटा कलावंत. तोच घडवितो, तोच छायाचित्र काढतो, तोच वस्तूविषयी चार ओळी लिहितो आणि कुरिअरने ती धाडून देतो. वर मालक नाही, मध्ये दलाल नाही, असे या व्यवस्थेचे वर्णन केले जाते. या स्वतंत्र कलावंताच्या सर्जनशील जीवनाचे कौतुक करणारे लेखनही पुष्कळ होते. परंतु त्या लेखनात एक प्रश्न कोणी विचारीत नाही. हा स्वतंत्र कलावंत कोणाला होता येते? आणि जो समाज पिढ्यान्‌पिढ्या हातानेच घडवीत आला, तो या दुकानात कलावंत म्हणून बसला आहे, की दुसऱ्याच्या वस्तूमागची ‘परंपरा’ म्हणून? प्रस्तुत लेखात मला याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

१

या बाजाराचे जे श्रेय आहे ते प्रथम मोकळ्या मनाने दिले पाहिजे. बलुतेदारीत चांभाराच्या कामाला किंमत नव्हती. वहाणा शिवाव्यात, मोट सांधावी, आसूड करून द्यावा आणि सुगीला खळ्यावर जाऊन जे पदरात पडेल ते घ्यावे, अशी ती रीत. त्याला ‘हक्क’ म्हणत. पण तो मागताना वाकावे लागे. ‘हा जोडा एवढ्याचा, पटला तर घ्या’ हे वाक्य बलुतेदाराच्या तोंडी कधीच आले नाही. म्हणून त्याच्या नातीने चपलेच्या चित्राखाली किंमत लिहिली, तर ती साधी आकडेमोड राहत नाही. गावगाड्याने हजार वर्षे नाकारलेला अधिकार ती त्या आकड्याने वापरते. आपल्या समीक्षेने या आकड्याकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे.

येथे आपल्यातीलच काही मंडळी आक्षेप घेतात. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडा असे सांगितले. मग कातड्याच्या कामाचा गौरव म्हणजे जातिव्यवसायाकडे परत जाणे नव्हे काय? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. परंतु १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे असे दाखवून दिले, तेव्हा त्यांचा रोख जन्माने लादलेल्या कामावर आणि त्यातून येणाऱ्या पायरीवर होता. मुलाला इंजिनिअर होता येते, आणि तरीही तो रापी हातात घेतो, तर ते त्याचे स्वातंत्र्य. त्याला दुसरे काहीच होता येत नाही म्हणून तो रापी घेतो, तर त्या रापीवर ‘वारसा’ असे कितीही सोनेरी अक्षरात लिहिले तरी ती बेडीच. हस्तकलेच्या कोणत्याही गौरवगाथेला मी प्रथम ही कसोटी लावतो.

२

दुसरा मुद्दा शब्दांचा. शहरातील सुखवस्तू घरातील मुलगी सहा महिने मातीकाम शिकते आणि ऑनलाइन कप विकते, तेव्हा ती ‘आर्टिस्ट’ असते. तिच्या पानावर तिचे नाव, तिचे छायाचित्र, तिचे मनोगत असते. ज्याचा आजा-पणजा चाकावर बसला तो मात्र ‘कारागीर’. त्याचे बोटांनी माखलेल्या मातीसह छायाचित्र येते, नाव येत नाही. आले तरी पहिले नाव येते किंवा गावाचे नाव येते. अॅमेझॉनने हस्तकलेच्या विक्रीसाठी जो विभाग काढला त्याचे नावच ‘कारीगर’ आहे. कलावंत आणि कारागीर हा भेद कौशल्याचा आहे असे सांगितले जाते. माझ्या मते तो भेद जातीचा आहे. केवळ त्याची भाषा सौंदर्यशास्त्राची आहे.

दलित साहित्याच्या वाचकाला हा डाव नवा वाटू नये. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, त्यामागून आमची आत्मकथने आली, तेव्हा प्रस्थापित समीक्षेने काय म्हटले? अनुभव दाहक आहे, दस्तऐवज म्हणून मोल आहे, पण कलाकृती म्हणून पाहावे लागेल. म्हणजे अनुभव आमचा, कला त्यांची. तेच सूत्र आज वस्तूंच्या बाबतीत लागू झाले आहे. परंपरा आमची, रचना त्यांची; हात आमचे, सही त्यांची.

कोल्हापूरकडील एक मुलगी माझ्या परिचयाची आहे. वडील तळ कापतात आणि शिवतात, आई पट्ट्यांच्या वेण्या घालते, ही पदवीधर मुलगी नवे नमुने काढते आणि फोनवरून विकते. तिच्या पानावर तिचे फक्त पहिले नाव आहे. आडनाव का लिहीत नाहीस, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, “सर, नुसतं नाव लिहिलं की लोक मला डिझायनर समजतात. आडनाव लिहिलं की विचारतात, थेट कारागिराकडनं घेतोय तर कमी होणार नाही का?” स्वतंत्र कलावंताच्या सर्जनशील जीवनाविषयी जी पुस्तके लिहिली जातात त्यांत हे वाक्य कोठेही सापडणार नाही. आपल्या कलाकृतीवर पूर्ण सही केली तर भाव उतरतो, हा अनुभव कोणत्या कलावंताचा आहे? तो फक्त आमचा आहे.

३

आता चपलेविषयी ज्या चार ओळी लिहिल्या जातात त्या वाचू. बहुतेक विक्रेते कोल्हापुरी चपलेचे मूळ बाराव्या शतकात, कल्याणच्या बिज्जलाच्या आणि बसवण्णांच्या काळात नेऊन ठेवतात. आठशे वर्षांची परंपरा म्हटली की ग्राहकाला भारावल्यासारखे होते. पण त्याच काळातला हरळय्या त्या ओळींत नसतो. शरणांच्या परंपरेत सांगितले जाते की, चर्मकार हरळय्याने आपल्या आणि आपल्या पत्नीच्या मांडीचे कातडे काढून बसवण्णांसाठी पादत्राणे शिवली. पुढे त्याच्या मुलाचे लग्न मधुवरस या ब्राह्मणाच्या मुलीशी झाले, आणि त्या गुन्ह्यासाठी बिज्जलाने हरळय्या व मधुवरस या दोघांनाही ठार केले. बाजाराने त्या काळातले शतक उचलले आणि मृत्यू टाकून दिला. विकण्याजोगा इतिहास आणि न विकण्याजोगा इतिहास अशी ही निवड आहे. ‘वारसा’ या शब्दाविरुद्ध माझी तक्रार आहे ती हीच.

हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेले कातडे, कातड्याच्याच वादीने घातलेली शिवण, खिळ्याचे नाव नाही, हे सारे वर्णन विक्रेते रसाळपणे करतात. पण ते कातडे गुरांच्या अंगावरून चालत येत नाही. ते कोणी सोलले, कोणी कमावले? महार, ढोर, चांभार अशी ती पायऱ्यांची उतरंड होती, आणि प्रत्येक पायरी खालच्या पायरीला विटाळ मानीत होती, हेही आपण आपल्या पानांवर लिहिले पाहिजे. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधील ऊना येथे मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारले गेले. एकाच देशात, एकाच दशकात, कातडे पडद्यावर ‘वारसा’ असते आणि रस्त्यावर गुन्हा असतो. ज्या समीक्षेला या दोन चित्रांचा संबंध दिसत नाही, तिने हस्तकलेवर बोलू नये.

जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने पुरुषांच्या कपड्यांच्या प्रदर्शनात कोल्हापुरी घाटाच्या चपला मांडल्या आणि त्यांना नुसते ‘चामड्याचे सँडल’ म्हटले. ओरड झाली, कंपनीने प्रेरणा मान्य केली. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. २,००० जोड येथे बनवून सुमारे ८०० युरोंना विकण्याचे जाहीर झाले. वर्तमानपत्रांत जो संताप उसळला तो कोणाच्या बाजूने होता? ‘कोल्हापूरचा अपमान’, ‘महाराष्ट्राची अस्मिता’, ‘भारताची संस्कृती’ असे मथळे आले. चांभाराचा अपमान झाला, असे फार थोड्यांनी म्हटले. परदेशी कंपनीने कोल्हापूरचे नाव गाळले म्हणून जे चिडले, त्यांनी स्वतः शिवणाराचे नाव किती पिढ्या गाळले होते?

कायद्याची गोष्टही अशीच आहे. २०१९ पासून कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे ८ जिल्हे त्यात येतात. नोंदणीकृत मालक म्हणजे दोन्ही राज्यांची महामंडळे. हे संरक्षण हवेच, त्याविषयी वाद नाही. पण मानांकन भूगोलाला मिळाले. १९९९ च्या त्या कायद्यात प्रत्यक्ष बनविणाराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपली नोंद करता येते. आपल्या कार्यकर्त्यांनी गल्लोगल्ली जाऊन ही नोंद करून देणे, हे मला दहा परिसंवादांपेक्षा महत्त्वाचे काम वाटते.

४

आता ‘मध्ये दलाल नाही’ या दाव्याकडे वळू. या बाजाराचे जगभर गाजलेले नमुना-दुकान म्हणजे अमेरिकेतील एट्सी. २००५ साली ब्रुकलिनमध्ये ते निघाले, हाताने घडविणारांसाठी. २०१३ मध्ये नियम सैल झाले आणि विक्रेत्याला बाहेरच्या उत्पादकाकडून माल करून घेण्याची परवानगी मिळाली. २०१५ मध्ये कंपनी शेअरबाजारात गेली. २०१८ मध्ये प्रत्येक विक्रीवरची कपात ३.५ टक्क्यांवरून ५ टक्के झाली, एप्रिल २०२२ मध्ये ६.५ टक्के. तेव्हा हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकाने बंद ठेवून संप केला. वर्षाकाठी १०,००० डॉलरांवर विक्री गेलेल्या विक्रेत्याला कंपनीच्या बाह्य जाहिरातींच्या योजनेतून बाहेर पडता येत नाही. त्या वाटेने गिऱ्हाईक आले की आणखी १२ टक्के जातात.

वाटा किती घ्यावयाचा हे समोरचाच ठरविणार, हा भाग आम्हाला ओळखीचा आहे. खळ्याची जागा पडद्याने घेतली. अर्थात बलुतेदाराला गाव सोडता येत नव्हते आणि या विक्रेत्यांना संप करता आला, हा फरक लहान नाही. पण संप करावा लागला, यावरूनच ‘स्वतंत्र’ या विशेषणाची मर्यादा कळते.

शिवाय दुकान मांडण्यासाठी जे लागते ते हातात नसते, घरात असावे लागते: बरा फोन, उजेडाची खोली, इंग्रजी, बँकेची कागदपत्रे, कुरिअरवाल्याला सापडेल असा पत्ता. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पर्यंत अशा कंपन्यांच्या दुकानांतून माल विकणाऱ्या लहानातल्या लहान विक्रेत्यालाही जीएसटी नोंदणी सक्तीची होती. त्यानंतर राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्यांना सूट मिळाली. कोल्हापूरची चप्पल पुण्याला पाठविता येते. बेळगावला पाठवायची तर पुन्हा कागद. घडविण्यात जेवढा दिवस जातो तेवढाच दाखविण्यात जातो, आणि दाखविण्याचे भांडवल ज्याच्या घरी आधीपासून आहे तोच पुढे निघतो.

५

मग वाट कोणती? या प्रश्नाला काही कलावंतांनी आपापल्या कामातून उत्तर दिले आहे. १९६६-६७ च्या दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळाने भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराला बिहारमधील मिथिलेत पाठविले. भिंतीवरची चित्रे कागदावर उतरली आणि विकली जाऊ लागली. पहिले मानसन्मान ब्राह्मण व कायस्थ स्त्रियांच्या वाट्याला आले. सत्तरच्या दशकात दुसाध स्त्रियांनी स्वतःच्या अंगावरचे गोंदण कागदावर आणले आणि आपल्या राजा सलहेसच्या कथा रंगविल्या; चानो देवींचे नाव त्यांत अग्रभागी आहे. मल्लाह समाजातील दुलारी देवी चित्रकर्तींच्या घरी मोलकरीण म्हणून राबत होत्या, तेथेच शिकल्या. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पाटण्याच्या मालविका राज यांनी त्याच शैलीत बुद्ध आणि बाबासाहेब आणले. परंपरा जशीच्या तशी न स्वीकारता तिच्यात आपला आशय घालणे, ही मी येथे सहीची पहिली रीत मानतो.

दुसरी रीत मुंबईत दिसते. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर ज्या चर्मकारांची कामे गेली त्यांना बरोबर घेऊन सुधीर राजभर यांनी ‘चमार स्टुडिओ’ सुरू केला. चामड्याच्या जागी टाकाऊ रबर आले आणि शिवी म्हणून फेकला गेलेला शब्द महागड्या पिशवीवर आला. नकाराचे हे रूप मला महत्त्वाचे वाटते. मात्र समीक्षकाने येथेही थांबू नये. जातीचे नाव अभिमानाने मिरविले, तरी ते समूहाचेच नाव. आमचा प्रत्येक शिवणारा हा एक वेगळा माणूस आहे, त्याचा हात वेगळा आहे, त्याची वेणी दुसऱ्यापेक्षा निराळी पडते. ती निराळी वेणी ओळखणारी नजर तयार करणे हे समीक्षेचे काम आहे, आणि ते आपण अजून सुरू केलेले नाही.

म्हणून हाताने बनवलेल्या कोणत्याही वस्तूपुढे उभे राहून मला तीन गोष्टी पाहावयाच्या असतात. बनविणाराचे पूर्ण नाव, आडनावासह, तिच्यावर आहे काय? किंमत त्याने ठरविली आहे काय? आणि हे काम उद्या सोडून देण्याची त्याला मोकळीक आहे काय? तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तर त्या वस्तूला कला म्हणावयास माझी हरकत नाही. एकाचे जरी ‘नाही’ असेल, तर ती कितीही सुंदर असो, तिच्यात कोणाचे तरी बलुते अडकलेले आहे. ते मोकळे करून घेणे हा कलेच्या चळवळीचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो आपल्याही चळवळीचा प्रश्न आहे.