युरोचे सामाईक चलन आणि मुंडेल यांचा निकष : एक चिकित्सा

रॉबर्ट मुंडेल यांनी १९६१ साली ‘पर्याप्त चलन क्षेत्रा’चा सिद्धांत मांडला. चलनाची व्याप्ती राष्ट्राच्या सीमेवरून ठरू नये. श्रम आणि भांडवल जिथवर सहज हलू शकते, तो प्रदेश म्हणजे योग्य चलन क्षेत्र, हे त्याचे सार होय. मुंडेल यांना पुढे ‘युरोचे जनक’ म्हणून गौरविण्यात आले. परंतु १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारातील प्रवेश-अटींत त्यांच्या या निकषाचा मागमूसही नाही. महागाई, व्याजदर आणि विनिमय दराचे स्थैर्य यांखेरीज तेथे दोन मर्यादा आहेत : वित्तीय तूट स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ३ टक्के व सरकारी कर्ज ६० टक्के. थोडक्यात, तपासणी झाली ती प्रामुख्याने सरकारी जमाखर्चाची.

ही तपासणी पुरेशी कडक नव्हती, असा निष्कर्ष ग्रीसच्या अनुभवावरून अनेकदा काढला जातो. २००१ मध्ये युरो स्वीकारलेल्या या देशाची तूट २००९ मध्ये आधी सांगितल्यापेक्षा कितीतरी अधिक निघाली, हे खरे. पण स्पेनचे काय? २००७ मध्ये त्याचे अंदाजपत्रक शिलकीचे होते आणि सरकारी कर्ज ४० टक्क्यांहूनही कमी होते. दोष खासगी कर्जात होता. संपूर्ण युरोक्षेत्रासाठी ठरलेला व्याजदर स्पेनच्या तेजीला फारच स्वस्त पडला, घरबांधणीला उधाण आले आणि ते २००८ नंतर ओसरले. पेसेटा असता तर अवमूल्यनाचा मार्ग खुला असता. युरोमुळे मजुरी आणि रोजगार यांनाच तो भार सोसावा लागला. २०१३ मध्ये बेकारी २५ टक्क्यांच्या वर होती.

मुंडेल यांचा निकषही येथे अपुरा ठरतो. श्रमिक देश सोडून गेला की त्याच्याबरोबर करदाताही जातो. सरकारचे कर्ज मात्र मागे राहते, आणि ते फेडणारे हात कमी होतात. पीटर केनेन यांनी १९६९ मध्ये सामाईक राजकोषाकडे लक्ष वेधले होते, ते म्हणूनच अधिक मूलगामी वाटते. युरोपने त्या दिशेने मोठे पाऊल टाकले ते २०२० मध्ये, करोनाच्या संकटात, ७५० अब्ज युरोपर्यंतच्या संयुक्त कर्जउभारणीला मान्यता देऊन. ही व्यवस्था अपवादात्मक व तात्पुरती असल्याचे तेव्हाच बजावण्यात आले. तिची परतफेड २०५८ पर्यंत चालणार आहे.