तिरप्या अक्षराचा मान

कवितेचे, कथेचे, नाटकाचे गुणदोष आपण तपासतो. ती ज्या अक्षरांतून आपल्यापर्यंत पोचली, त्यांच्याकडे मात्र सहसा आपले लक्ष जात नाही. म्हणून येथे एका छापील वळणाचाच विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. ते वळण म्हणजे व्हेनिसचे मुद्रक आल्दुस मानुतियुस यांचे इटालिक.

या वळणाचे पहिले दर्शन १५०० साली सिएनाच्या संत कॅथरिन यांच्या पत्रसंग्रहात घडले. संग्रहातील चित्रात संतेच्या हाती उघडे पुस्तक व हृदय आहे. त्यांवरील येशूनामाचे मोजके शब्द तेवढे या अक्षरांत आहेत. पुढच्याच वर्षी, १५०१ मध्ये, हातात मावेल अशा आकारात व्हर्जिलचे काव्य संपूर्णपणे याच अक्षरांत निघाले. मूळ वळण इटलीतील विद्वानांच्या झरझर चालणाऱ्या लेखणीचे.

कागद वाचावा म्हणून हे अक्षर घडविले, असे सर्रास सांगितले जाते. आम्हांला ते पुरेसे वाटत नाही. काव्य ओळीओळीने छापावयाचे. तेथे अक्षर अरुंद केल्याने पानावरील ओळी वाढत नाहीत. लाभ वेगळाच आहे. लांब चरण लहान पानावरही न मोडता बसतो. शिवाय आल्दुस यांनी भोवतीचे टीकाभाष्य वगळले, आणि वाचक व कवी समोरासमोर आले.

दोषही सांगितले पाहिजेत. मोठी अक्षरे ताठ आणि लहान अक्षरे तिरपी असल्याने ओळीच्या आरंभी नजरेला ठेच लागते. जोडून कोरलेल्या अक्षरांची गर्दीही फार आहे. पोपच्या सचिवालयातील लेखनिक आरिगी यांनी १५२४ मध्ये रोम येथे वापरात आणलेले इटालिक आम्हांला अधिक मोकळे व डौलदार वाटते.

याहून मोठी उणीव न्यायाची आहे. हे खिळे घडविले बोलोन्याच्या फ्रान्चेस्को ग्रिफो यांनी. आल्दुस यांनी व्हर्जिलच्या ग्रंथात त्यांची स्तुती केली खरी. परंतु व्हेनिसच्या शासनाने या अक्षराचा एकाधिकार दिला तो आल्दुस यांनाच. स्तुती कारागिराला आणि हक्क मालकाला, ही वाटणी आपल्याही परिचयाची आहे.

पुढे इटालिक हे ताठ अक्षराचे सोबती झाले. ग्रंथनामे, परके शब्द, जोर द्यावयाचे शब्द त्याच्या वाट्याला आले. काहींना ही अवनती वाटते. आम्हांला ती योग्य जागा वाटते. भोवतालचा मजकूर ताठ असतो, म्हणूनच तिरपा शब्द बोलतो.

हे आपल्या स्मरणिका सजविणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. संगणकावर देवनागरी अक्षर नुसते कलते केल्याने इटालिक होत नाही. खऱ्या इटालिकमध्ये अक्षराची घडणच बदलते, कारण तेथे हाताची गती उतरलेली असते. मराठीत ती गती मोडी लिपीत होती. परिच्छेदच्या परिच्छेद कलते छापून जोर वाढत नाही. एकच शब्द निवडावा, आणि तो निवडण्यापूर्वी विचार करावा.