‘शैक्षणिक हेतू’ म्हणजे नक्की काय? साप पाळण्याचा परवाना आणि कलम १२

बारामतीच्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याचा मेसेज आला : “दादा, साप पाळायचा परवाना कुठे मिळतो? ऊसतोडीत धामण सापडली, चार दिवस झाले घरी बादलीत ठेवलीय. अभ्यास करतोय.”

मी त्याला पहिलं सांगितलं, आजच्या आज वनपरिक्षेत्र कार्यालयाला फोन कर. वन्य प्राणी ताब्यात आला तर ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं, आणि हा गडी चार दिवस बसून होता. पण प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. बारामती-इंदापूर पट्ट्यात ऊस आहे, उसात उंदीर आहेत, उंदरांमागे धामण, नाग, घोणस आहेत. साप पकडता येणारी पोरं गावोगाव आहेत. त्यातल्या एखाद्याला संशोधन करावंसं वाटणं चांगलंच आहे. म्हणून हा लेख.

सरळ उत्तर आधी. आपल्याकडचा रानातला साप हौसेसाठी पाळायचा परवाना अस्तित्वातच नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत नुसतं पकडणंसुद्धा येतं. म्हणजे तुम्ही बादलीवर झाकण ठेवलं की कायद्याच्या भाषेत शिकार झाली. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, सहाच्या चार अनुसूची झाल्या, आणि धामण, नाग, घोणस, दिवड हे सगळे पहिल्या अनुसूचीत गेले. तिथे शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात, दंड किमान २५ हजार. (मराठीतले बरेच लेख अजून सहा अनुसूचींचीच यादी देतात. प्रबंधात तिथून उतरवून घेऊ नका, मूळ अधिनियम उघडा.)

बॉल पायथनसारख्या परदेशी सापांचं वेगळं आहे. तो चौथ्या अनुसूचीत येतो आणि २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. पण तीही नोंदणीच आहे. तिच्या जोरावर कुणाला रानातली धामण ठेवता येत नाही.

उरतं कलम १२. यात मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारण देऊन काही खास कामांसाठी परवाना देऊ शकतात : शिक्षण, वैज्ञानिक संशोधन, वैज्ञानिक व्यवस्थापन, प्राणिसंग्रहालय आणि वस्तुसंग्रहालयांसाठी नमुने, आणि जीवरक्षक औषधांसाठी सर्पविष. माझी टीका आहे ती यातल्या पहिल्या शब्दावर. ‘शिक्षण’ म्हणजे काय, हे अधिनियमात कुठेच सांगितलेलं नाही.

याचा परिणाम सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात दिसला. तिथे नागपंचमीला जिवंत नागांची पूजा व्हायची. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर ती थांबली. मग जुलै २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २७ ते ३१ जुलै या पाच दिवसांसाठी २१ नाग पकडायला अटींसह परवानगी दिली. हेतू शैक्षणिक, म्हणजे पारंपरिक ज्ञान पुढच्या पिढीकडे जावं म्हणून. नागपंचमी होती २९ जुलैला.

आता शिराळकरांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि आपल्यातले बरेच जण तेच करतात. मला ते पटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या नाग शोधणाऱ्या माणसाला बीळ बघून आत कोण आहे हे कळत असेल, तर ते ज्ञानच आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. ज्ञान म्हणताय, तर ते कशात दिसणार? शिकणारे कोण, किती? पाच दिवसांनी त्यांना काय येणार, जे आधी येत नव्हतं? जिवंत नाग न पकडता ते शिकवता आलं नसतं का? आणि २१ च का? सात का नाहीत?

हा शेवटचा प्रश्न मला फार जिव्हाळ्याचा आहे, कारण पहिल्या वर्षी माझ्या अर्जात मी ‘३० साप’ लिहिले होते. मार्गदर्शकांनी विचारलं, तीसच का? मी म्हटलं, सर, संख्याशास्त्रात तीस चालतात. त्यांनी अर्ज परत दिला. दोन महिने लागले तेव्हा कळलं, की माझ्या प्रश्नाला एकही साप पकडायची गरज नव्हती.

याच कलमातलं सर्पविषाचं उदाहरण बघा, म्हणजे फरक लक्षात येईल. तमिळनाडूत इरुळा लोकांची सहकारी संस्था १९७८ पासून आहे. ठरावीक जातींचे, ठरावीक संख्येत साप पकडायचे, विष काढायचं, पुन्हा सोडायचे. त्यांच्याकडेही परंपरेचंच ज्ञान आहे. पण हेतू मोजता येतो : विष किती निघालं, औषध बनवणाऱ्यांकडे किती गेलं. ‘शिक्षण’ या शब्दाला असं कुठलंच माप लावलेलं नाही, म्हणून तो सणालाही बसतो आणि उद्या बादलीलाही बसेल. आमचा विद्यार्थी तेच म्हणाला होता : “शिराळ्याला चालतं, मग मला का नाही?” त्याला देण्यासारखं चांगलं उत्तर माझ्याकडे असायला हवं होतं. कायद्याचं होतं. तर्काचं नव्हतं.

धामण वनविभागाच्या ताब्यात गेली. मी त्याला म्हटलं, तुझा खरा प्रश्न काय ते एका वाक्यात लिही. तीन वेळा खोडून त्याने लिहिलं : ऊसतोडीच्या हंगामात बारामती-इंदापूर रस्त्यावर साप जास्त मरतात का? याला बादली लागत नाही. ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, फोटो, जीपीएस, वही. मेलेला साप मात्र उचलून आणायचा नाही, कारण मेलेला वन्य प्राणीही सरकारी मालमत्ता असतो. नमुना हवाच असेल तर तेव्हा कलम १२ चा अर्ज करायचा, मार्गदर्शक आणि महाविद्यालयामार्फत, आणि आकड्यापुढे कारण लिहून.

परवा त्याने पहिला तक्ता पाठवला. वेळेचा रकाना विसरलाय. परत पाठवलाय.