काठ सजला, धारेचे काय?

पुस्तकांचे परीक्षण करणाऱ्याने बागेचे परीक्षण करू नये, असा काही नियम नाही. बाग हीदेखील कुणीतरी, कुणासाठी तरी, काही एक हेतू मनात धरून केलेली रचनाच असते. तिच्यात काय घेतले, काय गाळले, आणि जे गाळले ते नजरचुकीने की जाणूनबुजून, हे प्रश्न कादंबरीला विचारावेत तसे बागेलाही विचारता येतात. निर्मलच्या धर्मसागर तलावाच्या बांधावर मी रोज सकाळी फिरायला जातो. या बांधाला आता सगळे 'मिनी टँकबंड' म्हणतात. एखादे पुस्तक पन्नास वेळा वाचावे तसा हा काठ मी वाचला आहे. तेव्हा त्याच्याविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे धरून चालतो.

परीक्षणाच्या रिवाजाप्रमाणे आधी गुण सांगतो, आणि ते केवळ रिवाजापुरते नाहीत. संध्याकाळी बायकांनी घराबाहेर निवांत बसावे, अशी जागा या गावात देवळाखेरीज फारशी नव्हती. ती झाली. एकाच बाकावर तेलुगू, उर्दू आणि मराठी ऐकू येते, आणि कुणाला त्याचे नवल वाटत नाही. बतुकम्माच्या दिवसांत फुलांचे मनोरे पाण्याकडे निघतात, तेव्हा आमच्या घरातल्या लेकीसुनाही फेर धरतात. गुडघे धरलेली माणसे फिरू लागली, मुलांना सायकल शिकायला जागा मिळाली. हे सगळे पाहून काठ सजला तेव्हा मी ज्याला त्याला त्याची तारीफ सांगत होतो. त्या तारिफेतला एकही शब्द मला मागे घ्यायचा नाही. मात्र तेव्हा मी पुस्तकाचे मुखपृष्ठच पाहिले होते, एवढे कबूल केले पाहिजे.

आता रचनेकडे वळू. तेलंगण राज्य झाल्यावर २०१५ साली 'मिशन काकतीय' सुरू झाले. राज्यातले ४६ हजारांहून अधिक तलाव दुरुस्त करायचे, गाळ काढून शेतात टाकायचा, बांध बळकट करायचे, हा त्याचा मूळ संकल्प. कल्पना उत्तम होती. काकतीयांनी तळे, देऊळ आणि गाव एकत्र बसवले आणि त्यावर हा मुलूख शतकानुशतके जगला. रामप्पाला जाऊन आलेल्या वाचकांनी ते डोळ्यांनी पाहिलेच असेल. याच योजनेला जोडून पुढे ठिकठिकाणचा एकेक तलाव हैदराबादच्या टँकबंडाच्या धर्तीवर सजवण्याचे ठरले. 'धर्तीवर' या शब्दापाशी टीकाकाराने थांबावे. अनुकरण आले की मूळ कृती काय होती, हे पाहावे लागते.

मूळ कृती म्हणजे हुसेनसागर. इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळात, १५६२ च्या सुमारास, तो बांधला गेला तो लोकांना पाणी मिळावे म्हणून. बांधावर थोरामोठ्यांचे पुतळे उभे राहिले ते १९८० नंतरच्या दशकात. बुद्धाची अखंड पाषाणमूर्ती तळ्याच्या मध्यावर बसली १९९२ साली, आणि लुंबिनी उद्यान झाले १९९४ साली. म्हणजे सव्वाचारशे वर्षे ते आधी पाणी होते, आणि मग देखावा झाले. गावोगाव आम्ही जे उचलले ते या दीर्घ ग्रंथाचे शेवटचे प्रकरण. कठडा, दिवे, बाक, फोटो काढायची जागा, सगळे आले. पहिली प्रकरणे मात्र कुणी उघडली नाहीत. खुद्द हुसेनसागरातही त्या शेवटच्या प्रकरणापर्यंत पोचताना पाण्याचा विस्तार आक्रसला आणि पाणी मैले झाले. नक्कल करणाऱ्याने हेही वाचायला हवे होते.

पहिली प्रकरणे कोणती, ते सांगायला आपल्या दोन्ही भाषांत शब्द तयार आहेत. तेलुगूत बांधाला कट्टा म्हणतात, पाणी शेताला सोडायच्या तोंडाला तूम, आणि जादा पाणी जिथून वाहून जाते त्या सांडव्याला मत्तडी. उत्तरेला पूर्व विदर्भात मालगुजारी तलाव आहेत. तिथले कोहळी लोक बांधाला पाळ म्हणतात, सांडव्याला सलंग, आणि पाणी सोडायच्या तोंडाला तुडूम. तूम आणि तुडूम हे शब्द कानाला शेजारी वाटतात. ते खरोखरच एका घरातले आहेत की नाहीत, हे भाषापंडितांनी ठरवावे. पण तळे म्हणजे येणारे पाणी, थांबणारे पाणी आणि जाणारे पाणी, ही समजूत दोन्ही बाजूंना एकच आहे. तळे भरले की इकडे 'मत्तडी दुंकिंदी' म्हणतात, मत्तडीने उडी घेतली! तो गावाचा सण असतो. माझा नातू या बांधावरच लहानाचा मोठा झाला. दिव्यांचे रंग त्याला पाठ आहेत. परवा त्याने मला विचारले, "आजोबा, मत्तडी म्हणजे काय?" त्याला शब्द तेलुगूत ठाऊक नव्हता आणि मराठीतही नव्हता. दुभाषी घरातल्या मुलाला एका वस्तूसाठी दोन शब्द मिळायला हवेत, त्याला एकही मिळाला नाही. त्याचा दोष मी त्याला देत नाही. जी वस्तू डोळ्यांना दिसत नाही, तिचा शब्द जिभेवर कुठून येणार?

निर्मल हे साखळीतल्या तळ्यांचे गाव. वरचे तळे भरून वाहिले की खालच्याने ते पाणी घ्यायचे, आणि त्याचे भरले की पुढच्याने. तळी मोजून ही साखळी कळत नाही, कारण ती तळ्यांना जोडणाऱ्या ओढ्यांनी झालेली असते. २०१६ साली निर्मल जिल्ह्याचे ठिकाण झाले, जमिनीला भाव आला, आणि कडी तुटत गेली ती नेमकी या ओढ्यांत. शिखमची जमीन, म्हणजे तळे पूर्ण भरल्यावर पाण्याखाली जाणारी जमीन, उन्हाळ्यात फार देखणी दिसते. मलाही एका दलालाने 'तळ्याकाठचा' म्हणून असाच एक प्लॉट दाखवला होता. वारा छान होता, आणि मी जवळजवळ होकार दिला होता. पैसे जमले नाहीत म्हणून वाचलो. त्यात शहाणपण काही नव्हते.

२०२१ सालच्या जुलैतला तो पाऊस निर्मलकर विसरलेले नाहीत. जीएनआर कॉलनीत पाणी शिरले आणि अडकलेल्या माणसांना बाहेर काढावे लागले. आमच्या गल्लीत पाणी गुडघाभरच आले, आणि माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यातले जुने दिवाळी अंक तेवढे भिजले. तळ्यात जाळे टाकणारे एक वृद्ध कोळी आहेत, त्यांना आम्ही सगळे ताता म्हणतो. पाणी ओसरल्यावर ते बांधावर भेटले. तेलुगूत म्हणाले, "पाणी वाट चुकलं नाही, सार. त्याच्या वाटेवर तुम्ही अंथरूण घातलंत." या काठाची इतकी नेमकी समीक्षा मला नंतर कुठे वाचायला मिळाली नाही.

कुणी म्हणेल, हे निर्मलचे दुखणे निर्मलपुरते. तसे नाही. आपल्या गावावरून जाणारा चव्वेचाळीस क्रमांकाचा महामार्ग दक्षिणेला हैदराबादला जातो, तसाच उत्तरेला नागपूरला. तिथे अंबाझरी तलाव आहे. त्याच्या सांडव्यासमोर स्वामी विवेकानंदांचे स्मारक उभारले गेले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांतच प्रचंड पाऊस झाला, तलाव ओसंडला, आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत हजारो घरांत पाणी गेले. माणसेही दगावली. स्मारकाने पाण्याची वाट अडली का, हा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. विवेकानंदांविषयी कुणाच्या मनात अनादर नव्हता. प्रश्न जागेचा होता. ज्या जागेवर पाण्याचा हक्क, तिथे थोर पुरुषालाही उभे करू नये, एवढाच त्याचा अर्थ.

येथे जुना आक्षेप येईल. बागेकडून तुम्ही एवढी अपेक्षा का करता? बाग सुंदर असली म्हणजे पुरे. आपल्या वाङ्मयात फडके-खांडेकरांच्या निमित्ताने हा वाद पुष्कळ झाला. कला कलेसाठी की जीवनासाठी? कादंबरीच्या बाबतीत मी बराचसा फडक्यांच्या बाजूचा आहे, हे माझे मित्र जाणतात. पण फसलेल्या कादंबरीने कुणाच्या घरात पाणी शिरत नाही. शिवाय निव्वळ सौंदर्याच्या बाजूने पाहिले तरी हा काठ उणा पडतो. मर्ढेकरांनी सौंदर्यात लय पाहिली. संवाद, विरोध, समतोल या त्यांनी सांगितलेल्या तिच्या तऱ्हा. तळ्याची लय भरण्या-ओसरण्याची असते. उन्हाळ्यातला उघडा चिखल आणि श्रावणातली काठोकाठ भर, यांचा तो विरोध आहे. ओसरलेले पाणी डोळ्यांना नको वाटते म्हणून काठ बारमाही एकसारखा करायचा, तर लयच गेली. मग उरते ती नुसती सजावट.

बाग आणि पाणी यांचे वैर नाही, याचा दाखला याच महामार्गावर, हैदराबादेत आहे. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या पुराने हजारो बळी घेतले. निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावले. त्यांनी आधी वरच्या अंगाला पाणी धरायची जागा शोधली. त्यातून उस्मानसागर १९२० साली आणि हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला. नदीकाठी बागा कराव्यात, हेही त्यांच्याच योजनेत होते. पण क्रम पाहा. आधी पाण्याची सोय, मग माणसाच्या विसाव्याची. पुढच्या पिढ्यांनी तो क्रम मोडला, आणि आज त्याच मुसीचा काठ नव्याने घडवण्याच्या बेतावरून, घरे हलवण्यावरून वाद पेटले आहेत. क्रम एकदा चुकला की दुरुस्तीची किंमत बहुधा गरीबच मोजतो.

नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी मराठी कादंबरीवर जो ग्रंथ लिहिला, त्याचे नाव 'धार आणि काठ'. त्यातला विषय वेगळा, पण नाव मला या बांधावर रोज आठवते. काठाला अर्थ येतो तो धारेमुळे. आमचे नकाश कारागीर पोनिकीच्या हलक्या लाकडाचा आंबा असा रंगवतात की हात पुढे व्हावा. पण तो खायचा आंबा आहे, असे निर्मलच्या कारागिराने कधी सांगितले नाही. तळ्याचेही असे लाकडी फळ करून ठेवायचे असेल, तर निदान ते खरे तळे आहे असे आपल्या मुलांना सांगू नये.

माझे मागणे मोठे नाही. बाक राहू द्यावेत, दिवेही राहू द्यावेत. दिव्यांवर जेवढे लक्ष जाते, तेवढे येणाऱ्या ओढ्याच्या तोंडावर आणि जाणाऱ्या सांडव्यावर जावे. मत्तडीपाशी एक पाटी लावावी, तेलुगूत, उर्दूत आणि मराठीत, की पाणी इथून जाते. आणि वाचकहो, हे सरकारवर ढकलून आपली सुटका नाही. शिखमचे प्लॉट विकत घेणारे हात आपलेच असतात. यंदाच्या दिवाळीत लेकरांना घेऊन बांधावर जाल तेव्हा दिव्यांपाशी फोटो काढून झाल्यावर थोडे पुढे चाला आणि मत्तडी शोधा. सापडली तर मुलांना तिची दोन्ही नावे सांगा. नाही सापडली, तर ती कुठे गेली, हे कुण्या ताताला विचारा. घराचा पाया खणण्याआधी विचारलेले बरे.