कापड : सुरतेचे आणि घरचे

गोव्याकडच्या कोकणीत साडीला 'कापड' म्हणतात. घरातील वृद्ध स्त्री "म्हजें कापड खंय आसा?" असे विचारते, तेव्हा ती एका ठराविक वस्त्राबद्दल बोलत असते. ते कोणाच्या लग्नात घेतले, त्याची किनार कोठे विरली, कोणत्या सणाला ते ट्रंकेतून बाहेर निघते, हे सारे त्या एका शब्दात बसलेले असते. सुरतेत, जेथे मी गेली कित्येक वर्षे वकिली करीत आहे, त्याच शब्दाचा अर्थ अगदी उलट आहे. येथे कापड म्हणजे रिंग रोडवरच्या बाजारांतून हमालांच्या पाठीवरून उतरणारे गठ्ठे; तागे, मीटर आणि उधारीचे दिवस. माझे निम्मे पक्षकार या दुसऱ्या कापडावर जगतात. माझ्या आईच्या पिढीतल्या स्त्रिया पहिल्यावर जगल्या.

ही दोन कापडे गेल्या वर्षी माझ्याच घरात समोरासमोर आली, आणि हा लेख लिहावयास तेच निमित्त झाले. माझ्या भाचीचा साखरपुडा ठरला. तिला त्या दिवशी असे काही अंगावर हवे होते की जे दुसऱ्या कोणाच्याही अंगावर असणार नाही. हल्लीच्या मुलींची ही हौस मी पुष्कळ ऐकली आहे आणि तिच्याकडे तुच्छतेने पाहण्याचे मला कारण दिसत नाही. माणसाला आपण गर्दीतले एक नव्हे असे वाटावे, यात वाईट काय आहे? प्रश्न इतकाच, की ही वेगळेपणाची भूक कशाने भागते. घोडदोड रोडवर आणि अडाजणात जी लहान लहान दुकाने निघाली आहेत, ज्यांना शिंप्याचे दुकान म्हटले तर मालकीण रागावेल आणि 'बुटीक' म्हटले की चहा मागवील, त्यांचे म्हणणे असे की ती त्यांच्याकडे भागते. भाचीबरोबर मी अशा तीन दुकानांत गेलो. हाताने विणलेले बटवे होते, जरीच्या दोऱ्याची कर्णभूषणे होती, लाकडी गुंड्या लावलेली जाकिटे होती. एका ठिकाणी प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी बांधलेली होती : 'यासारखे दुसरे नाही.' त्यांतील एका जाकिटाला लावलेली फीत मी त्याच आठवड्यात बाजारात रिळांवर गुंडाळलेली पाहिली होती. मालकिणीला ते सांगितले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "साहेब, फीत सगळ्यांची आहे, जुळणी माझी आहे." उत्तर हुशारीचे होते. मी ते फेटाळले नाही. पण मान्यही केले नाही.

वकिलाच्या दृष्टीने पाहता कायद्याला 'एकमेव' या कल्पनेशी फारसे कर्तव्य नाही. तो आकडा विचारतो. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या १५ व्या कलमात असे आहे की, जी नक्षी डिझाइन म्हणून नोंदविता आली असती पण नोंदविली नाही, ती लावलेल्या वस्तूच्या औद्योगिक प्रक्रियेने पन्नासांहून अधिक प्रती निघाल्या की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. पन्नासाव्या प्रतीपर्यंत कलाकृती, एकावन्नावी निघताच माल! २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयासमोर 'रितिका' विरुद्ध 'बिबा' या नावाने जो वाद गेला, त्यातही वादीची अडचण हीच होती. आपल्या नक्षीची दुसऱ्याने वस्त्रांवर उचल केली ही तक्रार होती. पण नक्षी नोंदलेली नव्हती आणि मर्यादा ओलांडली गेली होती. ज्या शहरात एखादा नमुना आठवडाभरात दहा मागांवर चढतो, तेथे ही मर्यादा ओलांडावयास किती वेळ लागणार? तेव्हा 'दुसरे नाही' ही चिठ्ठी बांधणाऱ्या बाईचा वेगळेपणा कायद्याच्या आधाराने फार दिवस टिकावयाचा नाही. 'हस्तनिर्मित' या शब्दाचीही हीच गत. खोट्या वर्णनाला २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने अनुचित व्यापारी प्रथा ठरविले आहे खरे. परंतु चाळीस भागांपैकी एक भाग हाताने शिवला तर वस्तू हाताची की यंत्राची, हे न्यायालयासमोर सिद्ध करीत बसण्यास कोणती नववधू जाणार?

मग वेगळेपण वस्तूत नसेल तर कोठे असते? याचे उत्तर मला बुटीकमध्ये मिळाले नाही. ते आमच्या घरी धुण्याभांड्यास येणाऱ्या बाईंच्या साडीवर मिळाले.

या बाई खानदेशातल्या. उधना-लिंबायत भागात धुळे-जळगावकडची हजारो कुटुंबे वर्षानुवर्षे राहत आहेत. पुरुष मागावर आणि छपाईच्या कारखान्यांत, बायका घरी बसून साड्यांवर टिकल्या आणि खडे चिकटविण्याचे काम नगावर करतात. श्रावणात कानबाईच्या सणाला या बाई नवी साडी नेसून आल्या. साडी 'सेमी पैठणी' म्हणून मिळते त्या जातीची. पॉलिएस्टरचीच, पदरावर मोर. अशा साड्या सुरतेतून देशभर जातात. वस्तू म्हणून पाहिली तर तिच्यात टीकाकाराने थांबावे असे काही नव्हते. पण पदरावरच्या प्रत्येक मोराच्या डोळ्यात एकेक लाल खडा बसविलेला होता. कामातून उरलेले खडे जमवून त्यांनी ते रात्री स्वतः बसविले होते. शेवटचा एक मोर तेवढा आंधळा होता. "खडे सरले," त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

त्या साडीच्या सहस्रावधी जुळ्या बहिणी देशात असतील, हे मला माहीत आहे. तरीही तिच्यावर नेसणारीची खूण होती आणि तीन दुकानांतल्या चिठ्ठ्यांवर ती नव्हती. वस्त्रातून व्यक्तिमत्त्व प्रकट होते म्हणतात, ते ज्याने त्या वस्त्रावर आपले काही खर्चिले त्याचेच होते; वेळ, नजर, एखादा दोरा, काहीही. विकत घेताना मोजलेल्या पैशांची यात गणना करता येत नाही, कारण पैसा कोणाचाही सारखाच असतो.

हे म्हणताना गोव्यातील एक उदाहरण मला अडविते. वेंडेल रॉड्रिक्स या वेशकाराने (२०१४ साली त्यांस पद्मश्री मिळाली, २०२० साली ते निवर्तले) विस्मृतीत चाललेले कुणबी कापड पुन्हा विणून घेऊन नव्या रूपात पुढे आणले, आणि 'मोडा गोवा' या २०१२ सालच्या ग्रंथात गोव्याच्या वेशभूषेचा इतिहास लिहिला. त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु चौकटीचे ते आखूड लाल कापड खांद्यावर गाठ मारून शेतात राबणाऱ्या बायका नेसत. सर्व जणी जवळजवळ एकसारखेच. ते एका समाजाचे वस्त्र होते, कोणा एकीचे वैशिष्ट्य नव्हते. आज तेच कापड शहरातली सुखवस्तू स्त्री 'माझी स्वतंत्र आवड' म्हणून नेसते, आणि शेतातली स्वस्त छापील साडी नेसते. यात कोणाचा दोष आहे असे मला म्हणावयाचे नाही. मात्र जुन्या हातमागाच्या वस्त्रातून स्वतःला व्यक्त करू पाहणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की ते वस्त्र त्याच्या आधी दुसऱ्या कोणाचे तरी होते.

आपल्या मंदिरांत हे कोणाला शिकवावे लागत नाही. देवीने नेसलेले वस्त्र आपण प्रसाद म्हणून डोक्याला लावून घेतो. आपण नेसलेले देवीला चालत नाही. वस्त्राची किंमत कोणाच्या अंगावरून आले यावरून ठरते, ही गोष्ट आपल्या आज्यांना पक्की ठाऊक होती.

आता मूळ प्रकरणाकडे वळतो. भाचीने अखेर आजीची, म्हणजे माझ्या आईची पैठणी मागितली. १९७२ साली आईच्या लग्नात घेतलेली. रेशीम घड्यांवर फाटले होते, नेसता येण्यासारखी ती राहिलीच नव्हती. जर मात्र शाबूत होती. ताईचे म्हणणे, विकून टाकावी. मुंबईच्या चाळींतून 'जरीपुराणा' अशी आरोळी देत जाणारे लोक अशाच साड्या नेत. त्या जाळल्या की रेशमाची राख होते आणि चांदी हाती लागते. किती घरांतील शालू आणि पैठण्या अशा आगीतून गेल्या, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. भाची म्हणाली, "मामा, मला तिचे जाकीट करून हवे आहे." मला दोन्ही मार्ग नकोसे वाटले. आईच्या लग्नाच्या वस्त्राला कात्री लावणे म्हणजे मला मृत्युपत्रात खाडाखोड करण्यासारखे वाटे.

या ठिकाणी जरीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण सुरत म्हणजे मराठी वाचकाला १६६४ आणि १६७० ही सालेच आठवतात. मराठी घरांत सुरतेहून पुढे जे आले ते आठवत नाही. पैठणच्या आणि येवल्याच्या विणकरांची जर सुरतेची. चांदीची कांब एकाहून एक बारीक छिद्रांतून ओढीत नेतात. शेवटी ती केसाहून बारीक तार होते. ती तार रुळाखाली चपटी केली की तिला बादला म्हणतात. तो बादला रेशमी दोऱ्यावर गुंडाळला की कसब. आणि त्यावर सोन्याचा मुलामा. येथील जरीकामाला आणि आपल्या पैठणीला भौगोलिक संकेताची कायदेशीर नोंद मिळालेली आहे, ते योग्यच झाले. पण त्याच गल्ल्यांत तांब्याच्या तारेवर चांदीचा हात दिलेली नकली जरही होते, आणि पॉलिएस्टरच्या चकचकीत पापुद्र्याच्या पट्ट्या कापून केलेली तिसरी जात तर सर्वांत अधिक खपते. खरी जर खरवडली तर आत रेशीम दिसते, नकलीच्या पोटात तांबे. तिसरीला खरवडण्याची गरज पडत नाही. ती आपण होऊनच फार चकाकते.

जाकीट तयार झाले तेव्हा मी टीकाकाराच्या तयारीने गेलो होतो. काम चांगले होते, हे प्रथम नमूद करतो. पदरातले मोर पाठीवर अखंड घेतले होते. काठ बाहीच्या टोकाला आणला होता, म्हणजे हात हलला की तोच हलावा. विरलेले रेशीम मागे मलमल देऊन हाताने टाचले होते आणि ते लपविण्याचा प्रयत्न केलेला नव्हता. अंगचे कापड जेथे कमी पडले तेथे साधे तपकिरी रेशीम जोडून मालकीण थांबली होती. हा संयम मला विशेष आवडला. दोष एकच, पण तो गळ्यालाच होता. कडेने नव्या प्लास्टिक जरीची गोट फिरविली होती. पन्नास वर्षांची चांदी जरा काळवंडलेली, आतून उजेड यावा तशी दिसते. तिच्या शेजारी ती गोट म्हणजे गाभाऱ्यात लावलेला विजेचा झगझगीत दिवा. आपल्याकडे कित्येक देवळांत हेच झाले आहे, तेव्हा वाचकांस अधिक सांगावयास नको.

मालकिणीचे मत असे की गोटेशिवाय वस्तू पुरी दिसत नाही. मी वाद घातला. वाद घालणे हा माझा धंदाच आहे. भाची काही बोलली नाही. चार दिवसांनी पाहतो तो गोट उसवलेली, आणि तिच्या जागी त्याच पैठणीच्या आतल्या घडीतली, प्रकाश न लागलेली एक अरुंद पट्टी. तिने ती रात्री बसून स्वतः शिवली होती. टाके सरळ नव्हते. साखरपुड्याच्या दिवशी दोन बायकांनी ते तिला दाखविलेही. तिने आंधळ्या मोराच्या मालकिणीसारखे हसून "मीच शिवले आहे" एवढेच सांगितले.

कात्रीबद्दलची माझी नाराजी अजून पूर्ण गेलेली नाही. पाच वार वस्त्राचे दोन वार होतात आणि बाकीचे कोठे जाते, हा प्रश्न उरतोच. मात्र मालकीण प्रामाणिक निघाली. उरलेले सगळे तुकडे तिने एका कागदात बांधून, तोलून, वजन वर लिहून परत दिले. जरीच्या व्यवहारात माल तोलूनच द्यावयाचा, ही या शहराची रीत तिने पाळली. ताईने पुडी सोडली, तेव्हा एका तुकड्यावर आईच्या हातचा रफू निघाला, जवळ होता त्या भलत्याच हिरव्या दोऱ्याने केलेला. तो तुकडा भाची मागून घेऊन गेली आहे. त्याचे काय करणार, ते तिने अजून आम्हांला सांगितलेले नाही.