नियतकालिकाची निवड आणि समीक्षेचा संवाद

संशोधनपर लेख कोणत्या नियतकालिकाकडे पाठवावा, हा प्रश्न वरकरणी केवळ व्यावहारिक वाटतो. वस्तुतः तो समीक्षाव्यवहाराच्या स्वरूपाशी निगडित आहे. लेखातील प्रतिपादन कोणापुढे मांडायचे, त्याची परीक्षा कोणी करायची आणि कोणत्या वादात त्याने भर घालायची, हे या निवडीबरोबरच ठरत असते.

मराठी समीक्षेचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. वसंत दावतरांनी 1962 मध्ये सुरू केलेले ‘आलोचना’ केवळ समीक्षेला वाहिलेले होते. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने दलित साहित्याच्या लेखकाबरोबरच त्याचा वाचकही घडवला. मराठी अभ्यास परिषदेच्या ‘भाषा आणि जीवन’ने भाषाविचाराला स्वतंत्र व्यासपीठ दिले. एकाच कादंबरीवरील लेखाकडे या तीन ठिकाणचे वाचक एकाच अपेक्षेने पाहणार नाहीत. एका ठिकाणी मूल्यनिकषांची, दुसऱ्या ठिकाणी त्या निकषांमागील सामाजिक गृहीतांची, तर तिसऱ्या ठिकाणी भाषिक पुराव्याची कसोटी लागेल. नियतकालिक म्हणजे नुसती छापील जागा नव्हे. तो आक्षेप घेऊ शकणाऱ्या वाचकांचा समुदाय असतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीने प्रकाशनांना गुणांक दिले आणि अध्यापकाची बढती त्यांच्याशी जोडली. ‘कोणासाठी लिहावे’ या प्रश्नाची जागा ‘कोठे छापल्यास गुण मिळतील’ या प्रश्नाने घेतली. आयएसएसएन क्रमांक नियतकालिकाची केवळ ओळख पटवतो. पण तोच गुणवत्तेचा दाखला म्हणून मिरवला जाऊ लागला. शुल्क भरताच लेख स्वीकारणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. मे 2018 मध्ये आयोगाला स्वतःच्याच मान्य यादीतून 4,305 नियतकालिके वगळावी लागली. 2019 मध्ये ‘केअर’ यादी आली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तीही बंद झाल्याचे जाहीर होऊन निवडीची जबाबदारी संस्थांकडे व अभ्यासकांकडे परतली.

उद्धरणांवर आधारलेला प्रभावांकही येथे फारसा उपयोगी नाही. आधीच्या दोन वर्षांतील लेखांना चालू वर्षी मिळालेली उद्धरणे तो मोजतो. साहित्यविचारातील एखादी संकल्पना मात्र दशकानंतरही खंडनमंडनाचा विषय होऊ शकते, आणि ते खंडनमंडन बहुधा ग्रंथांतून होते.

ज्याची नोकरीच प्रकाशनसंख्येवर अवलंबून आहे, त्या तरुण अध्यापकाला हा विवेक परवडणारा नाही, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. यादीने काहींना फसवणुकीपासून वाचवले, हेही मान्य करावे लागेल. परंतु यादी फार तर अपात्रांना वगळू शकते. लेखाला त्याचा योग्य प्रतिवादी मिळवून देऊ शकत नाही. त्यासाठी अभ्यासकाने नियतकालिकाचे मागील अंक वाचले पाहिजेत. परीक्षणानंतर लेख दुरुस्तीसाठी परत येतो का, प्रकाशित लेखांवर प्रतिक्रिया छापल्या जातात का, जुने अंक ग्रंथालयांत मिळतात का, हे तपासले पाहिजे. ज्या नियतकालिकाचा एकही अंक लेखकाने वाचलेला नाही, तेथे छापलेल्या त्याच्या लेखालाही वाचक मिळण्याची शक्यता अल्पच असते. आणि ज्याला कोणी विरोध केला नाही, ते प्रतिपादन छापले गेले तरी सिद्ध होत नाही.