दोर, देह आणि संमती : किनबाकूच्या सौंदर्यविचाराची एक मर्यादा

जपानमधील 'किनबाकू' अथवा 'शिबारी' या दोरबांधणीच्या कलेविषयीची समीक्षा ही बहुतांशी चित्रांची आणि छायाचित्रांची समीक्षा असते. बांधण्याची क्रिया, तिला लागणारा वेळ आणि बांधून घेणाऱ्या व्यक्तीचा अनुभव या बाबी तीत गौण ठरतात. प्रौढ जोडप्यांनी परस्परसंमतीने जोपासलेल्या कलेचे मूल्यमापन केवळ दृश्यरूपावरून करता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

'शिबारी' म्हणजे बांधणे, 'किनबाकू' म्हणजे घट्ट बांधणे. मराठीत 'बंधन' हा शब्द सहज सुचतो. परंतु त्याला पावित्र्य आणि पारतंत्र्य या दोहोंचा वास असल्याने 'दोरबांधणी' हा काहीसा रुक्ष शब्दच येथे बरा.

या कलेचे एक मूळ एदो काळातील (१६०३–१८६८) 'होजोजुत्सू' या कैदी बांधण्याच्या विद्येत आहे. कैद्याच्या सामाजिक दर्जानुसार बांधणी बदलत असे. म्हणजेच दोर ही प्रथम सत्तेची भाषा होती. चित्रकार इतो सेइयू (१८८२–१९६१) यांनी तिला शृंगाराच्या क्षेत्रात आणले. अदाचीच्या माळावरील घरात उलट्या टांगलेल्या गर्भवतीचे त्सुकिओका योशितोशी यांचे मुद्राचित्र १८८५ मधील. सेइयूंनी १९२१ मध्ये आपल्या गर्भवती पत्नीला तसेच टांगून त्या दृश्याचे छायाचित्र घेतले. या घटनेचा उल्लेख कलानिष्ठेचा दाखला म्हणून केला जातो. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. तिची इच्छा होती की तिने सोसले, याविषयी ते छायाचित्र पूर्णतः मूक आहे.

प्रत्यक्ष बांधणीकडे वळल्यास चित्र बदलते. सुमारे ६ मिलिमीटर जाडीचा, ७ ते ८ मीटर लांबीचा तागाचा दोर मधोमध दुमडून घेतात. गाठींपेक्षा घर्षणावर भिस्त असते. म्हणून तागाचा खरखरीतपणा हा येथे गुण ठरतो. 'किक्को' या प्रकारात धडावर कासवाच्या पाठीसारखे षट्कोन उमटतात. हात मोकळे राहू शकतात, कपड्यांवरूनही ती बांधता येते. तिचे स्वरूप प्रामुख्याने अलंकरणाचे आहे. याउलट 'ताकाते-कोते' मध्ये हात पाठीमागे घेऊन दंडांवरून वेढे दिले जातात. तेथे वेढ्याची जागा चुकली तर मनगट उचलणाऱ्या मज्जातंतूवर दाब येतो आणि हात लुळा पडू शकतो. म्हणून जाणकार मनगट हलवून दाखवावयास सांगतो, मुंग्या येतात काय हे विचारतो आणि कात्री हाताशी ठेवतो. वेढे किती समांतर आहेत यापेक्षा तो केव्हा थांबतो यात त्याचे कौशल्य अधिक दिसते. हा सारा संवाद छायाचित्राच्या चौकटीबाहेर राहतो.

नोबुयोशी आराकी (जन्म १९४०) यांच्या छायाचित्रांची रचनाशक्ती निर्विवाद आहे. तथापि २०१८ मध्ये, त्यांच्यासाठी अनेक वर्षे काम केलेल्या एका स्त्रीने जाहीर लेखनातून आक्षेप नोंदविला : लेखी करार नव्हता आणि छायाचित्रांचा वापर कोठे होईल हे तिला सांगितले जात नसे. आक्षेपाचा रोख दोरावर नव्हता, निर्णयाधिकारावर होता. कलाकृती कलावंताच्या चरित्रापासून स्वतंत्र असते, हे उत्तर येथे अपुरे पडते. ज्या कलेचे माध्यमच जिवंत देह आहे, तिच्यात त्या देहाची संमती चरित्राचा भाग नसून माध्यमाचा भाग असते. संगमरवराला विचारावे लागत नाही, एवढाच काय तो फरक. पण तो मूलभूत आहे.

जोडप्यांच्या खासगी दोरबांधणीला तर प्रेक्षकच नसतो. समीक्षकाला तेथे प्रवेश नाही आणि असण्याचे कारणही नाही. तिच्याविषयी लिहावयाचे तर सहभागी व्यक्तींच्या कथनांवरच विसंबावे लागेल; आणि प्रस्तुत लेखकाच्या वाचनात आलेली कथने बहुतेक बांधणाऱ्यांची आहेत, बांधून घेणाऱ्यांची थोडी.